भरतीच्या वेळी अलिबागला या

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

‘मी काय अलिबागहून आलोय?’ असं मुंबईकर ज्या गावाच्या जिवावर म्हणतात, त्याच गावातून हे पत्र लिहितोय. या वाक्यावर बंदी घाला म्हणून 2019 साली उच्च न्यायालयात याचिकाही झाली होती. न्यायालयाने ती फेटाळली, ते बरंच झालं. थट्टेने आमचं काही बिघडत नाही. लोक गावात येऊनही गाव न बघता जातात, ते मात्र लागतं.

मांडव्याहून पाहुणा येतो तो थेट समुद्रावर. ओहोटी असली तर चालत किंवा घोडागाडीने कुलाबा किल्ल्यात जातो. भरती असली तर पाणी उतरेपर्यंत भेळ खात, घड्याळ बघत बसतो. माझं म्हणणं भरतीच्या या रिकाम्या तासांबद्दल आहे.

एवढ्या वेळात माणूस इस्रायल आळीत सहज फिरून येईल. गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या पूर्वजांची कथा सांगणारे बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, इथे घाण्यावर तेल गाळत. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. आडनावं आपल्यासारखीच, गावावरून पडलेली: रोहेकर, पेणकर, किहीमकर. त्यांचं मागेन अबोथ प्रार्थनालय 1848चं, सध्याची इमारत 1910ची. जुनी माणसं त्याला सरळ ‘मशीद’ म्हणत. इस्रायल देश झाल्यावर बरीच कुटुंबं तिकडे गेली आणि मराठी सोबत घेऊन गेली. मागे कुलूपबंद दारं राहिली. आता एकेक कौलारू घर उतरवलं जातंय. घर विकायचा मालकाला पूर्ण हक्क आहे. पण पाडण्याआधी त्याचा नकाशा आणि चार फोटो तरी कुणी काढून ठेवावेत की नाही?

तिथून पुढे छत्रीबागेत कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे. 1721मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र चालून आले, तरी ज्यांच्याकडून कुलाबा घेता आला नाही, ते हे सरखेल, मराठा आरमाराचे प्रमुख. त्यांच्याच हिराकोट किल्ल्याचे प्रचंड दगड बाहेरूनच बघायचे, कारण आत तुरुंग आहे. चुंबकीय वेधशाळेची गोष्ट तर गावातल्या पोरांनाही धड ठाऊक नसते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांनी तिथल्या कुलाबा वेधशाळेची उपकरणं बिघडणार, म्हणून 1904 साली ही वेधशाळा इथे उभारली. लोखंड कटाक्षाने टाळून बांधलेल्या त्या इमारतीत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी शंभर वर्षांहून जास्त काळ होत आहेत. आणि आम्ही मात्र शेजारी सेल्फी पॉइंट मागतो!

साहेब, कृपा करून ‘हेरिटेज स्ट्रीट’ मात्र देऊ नका. पेव्हर ब्लॉक, रंगीत दिवे, भिंतीवर कोळीणबाईचं चित्र, हे आता किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावात दिसतं. आम्हाला आळीच्या तोंडाशी पाटी हवी: आळीचं नाव, ते कशावरून पडलं, एवढंच. डिसेंबर 2020मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय सरकारने घेतला. नाव हाच जिथे डाग होता तिथे तो योग्यच. मात्र त्या झपाट्यात धंद्यावरून, देवळावरून, पाणवठ्यावरून पडलेली नावं पुसली जाऊ नयेत. नवं नाव द्यावंच लागलं, तर जुनं का होतं तेही कागदावर राहू द्या. आणि जुन्या घरांची मोजणी वास्तुकलेच्या (आर्किटेक्चरच्या) विद्यार्थ्यांकडून करून घ्या. मुलं सुट्टीत येतील, राहायची सोय आम्ही गावकरी करू.

आपण इकडे याल तेव्हा दौरा भरतीच्या वेळेचा आखा. किल्ल्यात जाता येणार नाही, म्हणजे आपोआप आमच्याबरोबर चालाल. चप्पल साधी घाला, बोळात गटाराच्या फरशा हलतात.

आपला,
एक अलिबागकर