खोलगडावरून आल्यावर

फोंडा, रविवार रात्र

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

काल आम्ही हरवळे आणि खोलगड एकाच दिवसात केले. एक साखळीजवळ, दुसरा पार काणकोणात. असला बेत तुझे पपाच आखू जाणे. सकाळी सहाला निघालो, साखळीला बन्स आणि पातळ भाजी खाल्ली. भाजी आपल्या फोंड्यापेक्षा बरी होती, पण पपा कबूल करत नाहीत.

ऑक्टोबर लागला तरी हरवळ्याच्या धबधब्याला पाणी भरपूर होतं. रुद्रेश्वराकडून पायऱ्या उतरताना दोनदा चष्मा पुसला, तिसऱ्यांदा काढूनच ठेवला. जवळची लेणी जांभ्यात कोरलेली. पपांनी भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाले, "आपल्या घराचाच चिरा." मग हा दगड खाणीतून काढताना कसा मऊ असतो आणि वाऱ्याउन्हात कसा टणक होत जातो, ते मडगावपर्यंत ऐकलं.

खोलगडावर पोचायला दुपार टळली. वनवासात राम-सीता इथं राहिली म्हणून पोर्तुगिजांनीही नाव ठेवलं ते काबो द राम. १७६३ साली त्यांनी सौंधेकर राजांकडून हा किल्ला घेतला. आत पांढरंशुभ्र सेंट अँटनीचं चर्च आहे, बाकी झाडं आणि पडके बुरूज. पश्चिमेच्या तटाशी गेलं की जमीन एकदम संपते आणि खाली काळ्या कातळावर लाटा फुटत असतात. पपा कठड्यापाशी गेले की मी त्यांचा शर्ट धरून ठेवत होते.

तिथं दुर्बीण घेतलेला एक मुलगा बसला होता, तुझ्याच वयाचा. त्यानं समुद्रगरुड दाखवला. आपण इतकी वर्षं त्याला घारच म्हणत आलो असू. पोट पांढरं, पंख राखाडी, शेपूट पाचरीसारखी. तरंगताना पंख वर उचललेले. तो आमच्या पायांखालून उडाला! गरुडाची पाठ वरून बघायला मिळाली. मग दूर पाण्यावर सुरय दिसले, वेंगुर्ल्याजवळच्या खडकाळ बेटांवर घरटी करणारे. कुरव नुकतेच यायला लागलेत म्हणे, थेट लडाख-तिबेटच्या तळ्यांवरून. नाव 'तपकिरी डोक्याचा कुरव' आणि थंडीत इथं असताना डोकं पांढरं. कानामागे तेवढा एक काळा ठिपका. मला हसू आलं.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. फोनवर तू "असू दे गं आई" म्हणून विषय संपवला असतास.

तू सहावीत होतीस. ऑगस्टमध्ये, वादळी वाऱ्यात, मिरामारला वाळूत तो मोठा पक्षी बसला होता. उडत नव्हता, चोच मात्र उगारत होता. तुला तो छत्रीत गुंडाळून घरी न्यायचा होता. मी म्हटलं, समुद्राचा पक्षी समुद्रातच बरा, आणि एका माणसाकडून त्याला पाण्यात ढकलवला. तू फोंड्यापर्यंत बसमध्ये रडलीस. मी म्हणत राहिले, बघ, पोहत गेला की नाही.

काल मी त्या मुलाला हे सांगितलं, आपण किती शहाणपणा केला अशा थाटात. तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, काकी, तो बुबी असेल. खोल समुद्रातले पक्षी पावसाळी वाऱ्यानं किनाऱ्याला फेकले जातात, थकून, उपाशी. त्यांना परत पाण्यात सोडायचं नसतं. भोकं पाडलेल्या खोक्यात, काळोखात, कोरडं आणि शांत ठेवायचं, तोंडात जबरदस्तीनं काही घालायचं नाही आणि वनखात्याला कळवायचं.

म्हणजे छत्रीवालीचंच बरोबर होतं, बाय. चुकले मी.

पपांनी परतताना विषय काढला नाही. काणकोणात चहा पाजला फक्त, आणि माझ्या कपात साखर जास्त घातली.

दिवाळीला येशील तेव्हा पुन्हा खोलगडावर जाऊ. तुझी जुनी दुर्बीण माळ्यावर आहे, पण एका काचेला बुरशी आली आहे. पुण्यात दुरुस्त होते का बघ. पुठ्ठ्याचा एक मोठा खोका भोकं पाडून गाडीच्या डिकीत ठेवला आहे. पपा आज त्यात कांदे भरायला निघाले होते, नाही दिले भरू.

तुझी,
आई