एका आडनावाची चूक सोडवून दिल्याबद्दल

आदरणीय वकील मॅडम,

सादर नमस्कार.

माझ्या आत्याच्या मृत्युपत्रात 'माझ्या धाकट्या भावाची मुलगी' असे नाते लिहिले होते आणि पुढे नाव माझेच होते, पण आडनाव मात्र माझ्या आतेबहिणीच्या सासरचे होते. आम्हा दोघींचे नाव एकच असल्यामुळे नात्याने पाहिले तर लाभार्थी मी ठरत होते आणि आडनावाने पाहिले तर ती. या एका ओळीपायी दोन्ही घरांतले बोलणे जवळजवळ थांबले होते. अशा वेळी आपण जे केलेत, त्याबद्दल जाहीरपणे आभार मानावेत असे मला मनापासून वाटते.

पहिल्याच भेटीत आमच्यापैकी एकाने आडनाव पेनाने दुरुस्त करण्याची गोष्ट काढली, तेव्हा आपण मूळ कागद शांतपणे स्वतःकडे ओढून घेतलात आणि मृत्युपत्र करणारी व्यक्ती गेल्यानंतर त्यातले एक अक्षरही कोणाला बदलता येत नाही, न्यायालयसुद्धा ते नव्याने लिहीत नाही, फक्त त्याचा अर्थ लावते, हे आम्हाला समजावलेत. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 मधील कलम 76 आपण सोप्या भाषेत उलगडून सांगितलेत: कोणाला द्यायचे आहे हे मृत्युपत्रातील शब्दांवरून पुरेसे स्पष्ट होत असेल, तर नावातल्या किंवा वर्णनातल्या चुकीमुळे ते देणे रद्द होत नाही. ते ऐकून मी हुरळून गेले होते. पण चूक नात्यात आहे की आडनावात, हेच अजून ठरायचे आहे, असे म्हणून आपण मला थांबवलेत.

साक्षीदारांवर आमची सारी भिस्त होती. त्यांनी आत्याला सही करताना पाहिले होते, मजकूर मात्र वाचला नव्हता, आणि तो वाचणे त्यांच्यावर बंधनकारकही नव्हते. म्हणून आपण आत्याची जुनी कागदपत्रे मागितलीत आणि तिचे कपाट आम्ही दोघींनी मिळूनच उघडावे, असा आग्रह धरलात. पावत्यांच्या गठ्ठ्यात तिच्या हातचा कच्चा मसुदा सापडला. त्यात नाते तेच होते, नावापुढे दोन बोटे जागा कोरी होती आणि समासात बारीक अक्षरात लिहिले होते, 'आडनाव विचारून घालणे'. म्हणजे नाते आत्याने स्वतः लिहिले होते आणि आडनाव टंकलेखनाच्या वेळी मागाहून पडले होते.

तो कागद आपण आधी माझ्या आतेबहिणीच्या हातात दिलात. आपण माझ्या वकील असूनही तिला घाई केली नाहीत. उलट ना-हरकतीच्या प्रतिज्ञापत्रावर सही करण्यापूर्वी दुसऱ्या वकिलाचा सल्ला जरूर घ्या, असे तिला बजावलेत. तिने तो घेतला आणि आठवड्याभराने सही केली. त्या दिवशी आपल्या कार्यालयाच्या जिन्यावर आम्ही दोघी कितीतरी वेळ आत्याविषयी बोलत बसलो होतो. मसुद्याची एकेक प्रत आता दोघींच्याही घरी आहे.

आपली ऋणी,
एक पक्षकार