अंगात येणं आणि अभिनय

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

'कांतारा'साठी रिषभ शेट्टींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो आरडाओरड्याला, अभिनयाला नव्हे. शिवाय सिनेमा कन्नड म्हणून झुकतं माप पडलं, असं एका वाचकाने आपल्या सदरात लिहिलं आहे. पुरस्कार १६ ऑगस्ट २०२४ ला जाहीर झाला, तरी आमच्या कट्ट्यावर हा वाद अजून निवलेला नाही. मला या पत्राचं वाईट वाटलं म्हणून लिहितो.

मी खानापूर तालुक्यातला शेतकरी. यात्रेतल्या नाटकांत तीस वर्षं कामं केली. लहानपणी आई दर माघी पुनवेला सौंदत्तीला यल्लम्माआईच्या डोंगरावर न्यायची. शेजारच्या आक्का बरोबर असायच्या. त्यांच्या अंगात यायचं. मी अगदी समोर बसून पाहिलंय. घुमायच्या आधी त्या गप्प व्हायच्या. एक जांभई, मग दुसरी. पायाचा अंगठा मातीत रुतायचा, आणि देवीपुढे वाजणारं चौंडकं टिपेला गेलं की मान मागे पडायची. ओरडणं त्याच्या नंतरचं. उतरल्यावर हातात तांब्या धरवत नसे, आई पाणी पाजायची. डोळे उघडून पहिलं काय विचारायच्या, तर "म्हसरं बांधली काय गं?"

पुढे एका नाटकात मी देवऋषी केला. जीव तोडून ओरडलो, टाळ्या पडल्या. आक्का पहिल्या रांगेत होत्या. नाटक सुटल्यावर जवळ येऊन म्हणाल्या, "लेकरा, यल्लम्माआई आली न्हवती." ते वाक्य मी आजवर विसरलेलो नाही.

'कांतारा' मी बेळगावात नातवाबरोबर पाहिला. कन्नड आम्हाला येतं, पण ते कुंदापूरकडचं, अर्धंच कळलं. त्यामुळे मी बोलण्यापेक्षा अंगाकडेच बघत होतो. पहिला अर्धा भाग मला साधाच वाटला, हे कबूल करतो. दारू पिऊन हुंदडणारा नायक शिवा कुणीही केला असता, आणि नायिकेची छेड काढण्याचे प्रसंग तर मला आवडलेच नाहीत. पण शेवटी मार खाऊन पडलेल्या शिवाच्या अंगात गुळिग हा उग्र दैव येतो, तिथे मी खुर्चीत पुढे सरकलो. उठतो तो शिवा नव्हे. चाल वेगळी, मान वेगळी, नजर कुणावर ठरतच नाही. आणि त्याहून मोठा प्रसंग पुढचा. कोलात, म्हणजे दैव अंगात घेऊन नाचायच्या विधीत, पंजुर्ली या दैवाच्या वेशात तो गावकऱ्यांचे हात घेतो, वनाधिकाऱ्याचा हात घेतो आणि सगळे एकत्र करून छातीशी धरतो. तिथे ओरडणं नाही. चेहऱ्यावर रंगाचा थर, तरी डोळ्यांतली माया लपत नाही. आमच्या डोंगरावरची आई आणि तुळुनाडचा, म्हणजे मंगळूरकडचा, दैव वेगळे, रीत वेगळी. तरी शांत झालेल्या आक्का घरातल्या एकेकाचा हात धरायच्या, तोच हा स्पर्श.

राहिला भाषेचा मुद्दा. २००८ च्या 'जोगवा'साठी उपेंद्र लिमयेंना हाच पुरस्कार मिळाला, तेव्हा इथला मराठी माणूस किती हरखला होता! जोगता म्हणून लुगडं नेसावं लागलेला त्यांचा तायप्पा चालायचा तेव्हा त्याच्यातला पुरुष कुठे कुठे दुखतोय ते दिसायचं. डोक्यावर देवीचा जग घेऊन डोंगर चढणारे, देवीला वाहिलेले जोगते आम्ही बघितलेले, म्हणून ते खरं की खोटं आम्हाला लगेच कळलं. तो पुरस्कार मराठी म्हणून मिळाला असं कुणी म्हटलं असतं तर आपण ऐकून घेतलं असतं का? मी मराठीसाठी मोर्च्यात चाललोय, दुकानावरच्या पाटीसाठी भांडलोय, पुढेही भांडेन. पण त्या भांडणाचा राग एका नटाच्या कामावर काढू नये. ज्या वर्षी शेट्टींना हा मान मिळाला, त्याच वर्षी 'वाळवी' सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला, तेव्हा त्याच परीक्षणावर आपण खूश होतो.

ते पत्र वाचल्यावर नातवाकडून मोबाईलवर शेवटची वीस मिनिटं पुन्हा लावून घेतली. दुसऱ्या वेळेला त्याला आवाज पूर्ण बंद करायला सांगितला. पत्रलेखकांनाही विनंती आहे, एकदा तशीच पाहा.

आपला,
एक जुना वाचक
ता. खानापूर, जि. बेळगाव