माथ्याच्या वर आभाळच : वनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय वनमंत्री महोदय,

हवा तापत चालली की झाडे-प्राणी हळूहळू डोंगर चढतात. जगभरच्या नोंदींचा 2011 मध्ये निघालेला हिशेब दशकाला सुमारे 11 मीटर असा आहे. पण बालाघाट आणि अजिंठ्याचे आपले डोंगर बहुतेक सपाट माथ्याचे. पायथ्यापासून माथा दोनशे मीटर धरला, तर हवेत जेमतेम सव्वा अंशाचा फरक. तेवढी वाढ झाली की चढायला जागाच उरत नाही. पेरूतल्या एका डोंगरावर 1985 आणि 2017 च्या पक्षीनोंदी ताडल्या, तेव्हा माथ्यालगतच्या काही जाती सापडल्याच नाहीत.

आपल्याकडे वाट उरते ती आडवी. उत्तरेच्या उतारावर हिवाळाभर ऊन तिरपे पडते, म्हणून ओल टिकते. घळींत त्याहून जास्त. नेमक्या याच घळी घाणेरीने भरल्या आहेत. कोयत्याने छाटली की ती दुप्पट फुटते. मातीखाली चार बोटे मूळ तोडून झुडूप उलटे टाकावे लागते, आणि पाखरे बसतात त्या झाडांखाली पुढचे तीन पावसाळे रोपे उपटावी लागतात. निविदेत हे तीन पावसाळे धरा.

माथ्यावर पाणी मुरवायचे चर आणि गिरीपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) लागवड नकोच. तिथली माती वीतभर. चर खणला की मुरूम वर येतो, पवन्या-कुसळी गवतांचे ठोंब उखडतात. पायथ्याला चर हवे तेवढे घ्या.

मोजणीबद्दल थोडे सविस्तर. मोबाईलवरची उंची दहा-पंधरा मीटर सहज चुकते, म्हणजे दशकभराचा बदल चुकीतच बुडतो. उंची नकाशाच्या समोच्च रेषेवरून घ्यावी, दगडावर रंगाची खूण करावी. दर 20 मीटर चढावर, दोन्ही उतारांवर, 10 बाय 10 मीटरचा चौकोन आखावा. त्यात जुनी झाडे आणि रोपे वेगवेगळी मोजावीत. सालई, धावडा शंभर वर्षे उभा राहील. खाली त्याचे रोपच नसेल, तर तो तिथून निघालाच म्हणायचा. अर्थात रोपे उष्म्याने नव्हे, तर शेळ्यांमुळे किंवा वणव्याने गेली का, हे कळायला दर चौकोनाशेजारी तसाच एक कुंपण घातलेला, वणवा अडवणारी जाळरेषा काढलेला चौकोन हवा. तापमापक सावलीत, दीड मीटरवर. उन्हातल्या खोडाला बांधला तर आकडा फुकट.

सुरुवात गौताळा आणि येडशी-रामलिंग घाट या अभयारण्यांत करावी. पहिली मोजणी येत्या ऑक्टोबरात, गवत ओंबीवर असताना व्हावी. कापणीनंतर जाती ओळखता येत नाहीत.

आपले,
मराठवाड्यातील वनस्पती-अभ्यासक