प्लास्टर टेकवून लिहिलेलं पत्र

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल मी फोन आपटला नाही, तो हातातून निसटला. एक हात गळ्यात अडकवलेला असला की नीट भांडताही येत नाही, म्हणून हे लिहायला बसले. कागद सरकू नये म्हणून त्यावर प्लास्टर टेकवलंय. डावा मोडला ते एक बरं झालं.

"आता एकटीने प्रवास बंद," एवढं म्हणून तू रडायला लागलीस, त्यामुळे नेमकं काय झालं ते सांगायचं राहूनच गेलं. तर ऐक. मी विमानाच्या शिडीवरून पडले नाही की सरकत्या जिन्यावरूनही नाही. ते सगळं सुखरूप पार केलं, आणि सपाट, लखलखीत फरशीवर स्वतःच्याच बॅगेच्या पट्ट्यात पाय अडकून आडवी झाले. संकटात देवाचं नाव ओठांवर यावं म्हणून इतकी वर्षं घोकलं, आणि ऐन वेळी निघालं काय, तर "आई गं!" माईला वर ऐकू गेलं असेल तर ती म्हणाली असेल, आधी कपडे सारखे कर, मग विव्हळ. भोवती जमलेल्यांपैकी एकाने वय विचारलं, तर मी दोन वर्षं कमी सांगितली! दवाखान्यात ओळखपत्र दाखवावं लागलं तेव्हा पितळ उघडं पडलं.

मनगट काट्याच्या चमच्यासारखं वाकलं होतं. डॉक्टर लोकही त्या आकाराला तेच म्हणतात. डब्लिनच्या अब्राहम कॉलिस या सर्जनने 1814 साली हे मोडणं लिहून ठेवलं. एक्स-रे आले 1895 मध्ये, म्हणजे त्याने नुसतं बघून आणि चाचपून ओळखलं होतं. हे मी तिथल्या तरुण डॉक्टरला ऐकवलं. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही शिक्षिका का?" आणि इंजेक्शन टोचलं.

पण त्याने पुढे जे सांगितलं ते डोक्यातून जात नाही. उभ्या उभ्या पडून एवढ्याशाने मनगट मोडलं, तर हाडं ठिसूळ झाली असण्याची शक्यता धरायची. मनगट ही पुष्कळदा पहिली सूचना असते, पाठीचा मणका आणि खुबा नंतर. खुबा म्हटल्यावर मला माई दिसली. आणि लगेच तू. तुझे ते दम्याचे दिवस, स्टेरॉइडच्या गोळ्यांचे कोर्स. पंपाचं एवढं नाही, पण गोळ्या वरचेवर पोटात गेल्या की हाडं विरळ होतात. त्यात तुझी पाळी पुढेमागे व्हायला लागलीय म्हणालीस. पाळी थांबली की पहिली काही वर्षं हाडं झपाट्याने झिजतात.

हे लिहायचं नव्हतं. मी बरी आहे, एवढंच कळवायचं होतं.

अंगठीचं सांगते. बोटं सुजायच्या आत ती काढायला हवी होती, नाहीतर कापावी लागली असती. नर्सने दोऱ्याचं एक टोक अंगठीखालून ओवलं, उरलेला दोरा बोटावर पेरापर्यंत घट्ट गुंडाळला आणि आतलं टोक धरून हळूहळू उलगडत आणला. दोरा सुटेल तशी अंगठी पुढे सरकत गेली. बाबांनी घातल्यापासून ती कधी उतरलीच नव्हती. खाली बोटावर पांढरा वळ होता, एखाद्या लहान मुलीच्या कातडीसारखा मऊ. दुखत होतं मनगट, पण रडू आलं ते तिथे.

रात्री हात उशीवर उंच ठेवून पडले होते. सवयीने नमस्कार करायला गेले, तर जोडायला हात एकच! एकटीच खोलीत हसत सुटले. बाबा गेल्यापासून माझं आणि देवाचं बोलणं कामापुरतंच उरलं होतं, हे तुला ठाऊक आहे. त्याने मला पाडलं असं मी मानत नाही, आणि उचललं असंही नाही. पाडलं पट्ट्याने, उचललं एका अनोळखी मुलीने, जी माझी बॅग धरून एक्स-रेच्या दाराशी बसून राहिली. पण ही फजिती कुणाला तरी सांगावीशी वाटली. तू झोपली असशील म्हणून त्याला सांगितली. बऱ्याच दिवसांनी त्याच्यापाशी काही न मागता बसले.

परत येताना प्लास्टर उभं चिरून दिलं होतं. ताजं असलं, 48 तास झाले नसले, की विमानात बसण्याआधी तसं करतात, आत हात सुजला तर रक्त अडू नये म्हणून. शिवाय चाकाची खुर्ची. सगळ्या रांगा मागे टाकून राणीसारखी निघाले. बाबा असते तर ओशाळून रांगेत जाऊन उभे राहिले असते.

आणि तू! तिथल्या डॉक्टरशी बोललीस, विम्याचे कागद पाठवलेस, आवाज जरासुद्धा कापला नाही. रडलीस ती सगळं मार्गी लागल्यावर. मी मैत्रिणींना सांगत सुटलेय. पण रात्री बाथरूममध्ये दिवा न लावता जातेस, ते बंद कर. पायपुसणं घसरतं तुझं, मी पाहिलंय. उन्हात बस. चालायला जा, नुसतं लॅपटॉपपुढे... बघ, सुरू झाला माझा तास. माफ कर. तू माझी विद्यार्थिनी नाहीस, चांगली मोठी बाई आहेस. पण माईही पडेपर्यंत ठणठणीतच होती गं.

पुढचं तिकीट मी रद्द करणार नाही. पट्टा कापून टाकलाय. त्यावर भांडायचं असेल तर दुपारनंतर फोन कर, सकाळी मी प्लास्टरवर प्लास्टिकची पिशवी बांधून अंघोळीशी झटत असते.

तुझी,
आई

ता. क. हाडं किती विरळ झालीत ते बघायच्या तपासणीला डेक्सा म्हणतात. काही टोचत नाहीत, उपाशी राहावं लागत नाही, पंधरा-वीस मिनिटांत होते. फक्त आदल्या दिवशी कॅल्शियमची गोळी घेऊ नकोस. तारीख मिळाली की कळव.