हट्टीच्या पट्ट्यातला एक आकडा

पुणे, रविवार

चि. सायली,

अनेक आशीर्वाद.

परवा रात्री रेंज गेली आणि बोलणं अर्धवट राहिलं. कर्नाटकात हट्टीजवळ तुम्ही खणलेल्या चरातल्या एका नमुन्याला ७८ ग्रॅम प्रतिटन सोनं आलं आहे, आजूबाजूचे सगळे एक-दोन ग्रॅमच्या घरात आहेत, आणि अहवालातलं संभाव्यतेचं प्रकरण तुझ्याकडे दिलं आहे, एवढं कळलं. ते प्रकरण जरा 'भरघोस' व्हावं अशी वरच्यांची इच्छा आहे, हेही कळलं. हे फोनवर घाईघाईत बोलायचं नव्हतं, म्हणून लिहायला बसलो.

माझं म्हणणं आधीच सांगतो. त्या ७८ वर काही उभं करू नकोस. आणि तो लपवूही नकोस.

भूशास्त्र तुझं, पण सोन्याचा आकडा कसा जन्मतो हे मी आयुष्यभर पाहिलं आहे. आधी सराफ बाजारात कसोटीवर कस लावून, मग हॉलमार्किंग आल्यावर रविवार पेठेतल्या भट्टीवर. आमच्याकडे येणारं सोनं हजारात ९१६ भाग. तुझ्याकडे दहा लाखांत तीन भाग असले तरी खाण चालू शकते. आईच्या दोन तोळ्यांच्या पाटल्यांतलं सोनं टनाला तीन ग्रॅमच्या दगडातून काढायचं म्हटलं, आणि वाटेत कणभरही वाया गेलं नाही असं धरलं, तरी सहा टनांहून जास्त दगड फोडून दळावा लागेल. भट्टी मात्र तुझ्या प्रयोगशाळेची आणि माझी एकाच जातीची आहे. आम्ही दागिन्याचा तुकडा चांदीसोबत शिशाच्या पत्र्यात गुंडाळतो. तुमच्याकडे तीस ग्रॅम दगडाच्या पिठात लिथार्ज (शिशाचं ऑक्साइड), सोडा, टाकणखार आणि थोडा मैदा घालून ते मुशीत वितळवतात, की त्यातलं शिसं खाली बसताना सोनं गोळा करून आणतं. पुढचं सारखंच. ते शिसं कपेलमध्ये, म्हणजे शिसं शोषणाऱ्या छोट्या वाटीत, घालून मफल भट्टीत ठेवायचं आणि वाट बघायची. शिसं हळूहळू कपेलमध्ये मुरत जातं, उरत जाणाऱ्या मण्यावर रंगीत पट्टे फिरायला लागतात, त्यांचा वेग वाढतो, आणि शिशाचा शेवटचा पापुद्रा गेला की मणी एकदम लखकन उजळतो. मग नायट्रिक आम्लात चांदी विरघळवायची. उरतं ते सोनं तपकिरी, मातीसारखं दिसतं. तापवलं की पिवळं होतं. काचेच्या पेटीतल्या तराजूवर ते ठेवताना आम्ही पंखा बंद करतो.

हे सगळं लिहिलं ते एवढ्यासाठी की भट्टी खोटं बोलत नाही. तिच्यात जे आलं तेच ती सांगते. प्रश्न असतो तिच्यात काय आलं हा. तुझ्या नमुन्याचं गणित मी काल मांडून पाहिलं. सोन्याचा अर्धा मिलिमीटर लांब, रुंद आणि उंच असा एक कण घे. घनता १९.३, म्हणजे वजन साधारण २.४ मिलिग्रॅम. तीस ग्रॅमच्या नमुन्यात तो एकटाच सापडला तर निकाल येतो ८० ग्रॅम प्रतिटन. मोहरीपेक्षाही बारीक एक कण! तो पुढच्या पुडीत गेला असता तर ह्याच दगडाला अर्धा ग्रॅम आलं असतं आणि तू फोनच केला नसतास. त्यामुळे त्या नमुन्याचं उरलेलं सगळं पीठ मागव. चाळून जाड कण वेगळे काढून दोन्ही भागांची वेगळी तपासणी करतात, ती करून घे. त्याच चरात दोन्ही बाजूंना पुन्हा नमुने घे, मोठे घे. मग ७८ खरा ठरला तर माझ्याइतका आनंद दुसऱ्या कुणाला होणार नाही.

आत्या परवा घरी आली होती. तिचा साधा प्रश्न, पट्ट्यात सोनं आहे तर काढत का नाहीत? तिला मी तुझ्या पुस्तकांतून समजलो तसं सांगितलं, चुकलं असेल तर दुरुस्त कर. सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी लाव्हा ओतला गेला. चित्रदुर्गजवळ मराडिहळ्ळीला त्या पाण्यात थिजलेल्या लाव्ह्याच्या उशा अजून दिसतात. पुढे ते थर दुमडले, ग्रॅनाइटांच्या मध्ये दाबले गेले, तापले, आणि काळ्या बेसाल्टात क्लोराइट, अ‍ॅक्टिनोलाइट अशी हिरवी खनिजं वाढली. तुम्ही ज्यांना ग्रीनस्टोन पट्टे म्हणता ते हे. खोलवरचा खडक तापला की त्यातलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड सुटतात. तीनशे-साडेतीनशे अंशांचं हे पाणी गंधकाच्या संगतीनं सोनं विरघळवून वर आणतं. त्याला वाट मिळते खडक घासून चुरडलेल्या जागी, शिअर झोनमध्ये. तिथे लोखंडानं भरलेला खडक भेटला की गंधक लोखंडाला जाऊन मिळतो, पायराइट आणि आर्सेनिक असलेलं आर्सेनोपायराइट तयार होतात, आणि आधार सुटलेलं सोनं तिथल्या तिथे बसतं. म्हणूनच तू त्या हातातल्या एक्स-रे यंत्रावर सोनं न शोधता आर्सेनिक शोधतेस. आमच्या दुकानातलं तसलंच यंत्र दागिन्याचा फक्त वरचा थर वाचतं, म्हणून त्याच्या आकड्यावर आम्ही शिक्का मारत नाही.

आत्याला पटलं ते कोलारच्या उदाहरणानं. कोलारचा पट्टा जवळपास ८० किलोमीटर लांब आहे. आठशे टनांहून जास्त सोनं निघालं, चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली, आणि हे बहुतेक सगळं पट्ट्याच्या मधल्या आठ-दहा किलोमीटरांच्या तुकड्यातून. बाकीचा पट्टाही त्याच जातीच्या खडकाचा, त्याच वयाचा. तिथे मात्र दुसरं कोलार उभं राहिलं नाही. २८ फेब्रुवारी २००१ ला ती खाण बंद झाली तेव्हा दगडातलं प्रमाण सुरुवातीच्या मानानं पार खाली आलं होतं आणि खोलीमुळे खर्च डोईजड झाला होता. तेव्हा पट्टा सोन्याचा आहे, एवढ्यावरून त्यातल्या कुठल्याही टेकडीबद्दल काही लिहिता येत नाही. टेकडीला आपलं स्वतःचं बोलावं लागतं.

पण तू निराश होऊन लिहावंस असंही मला वाटत नाही. तू जिथे उभी आहेस तो हट्टी-मस्कीचा पट्टा आहे! हट्टीला जुने लोक दोन हजार वर्षांपूर्वी आगीनं दगड तापवून, पाणी मारून तडकवत जवळपास दोनशे मीटर खाली गेले होते. पंप नाही, सुरुंगाची दारू नाही, वारा खेळवायला यंत्र नाही. त्याच टापूत मस्कीला १९१५ मध्ये बीडन नावाच्या खाण-इंजिनियरला अशोकाचा शिलालेख सापडला. राजाचं 'असोक' हे नाव जिथे पहिल्यांदा सापडलं, तोच हा लेख. सोनं शोधणाऱ्या माणसाला सम्राटाचं नाव सापडावं, ह्याचं मला फार अप्रूप वाटतं. पुढच्या सुट्टीत आपण दोघं तो बघायला जाऊ, रायचूरला पुण्याहून थेट गाड्या आहेतच.

तर मुद्दा असा, की जुन्यांनी जिथे खणलं तिथे दगड उघडा होता. मातीखाली, काळ्या रानाखाली जे झाकलेलं आहे त्याला त्यांनी हात लावलेला नाही. खाली पाणी लागलं की त्यांना थांबावं लागलं. हट्टीच्या आसपास उटी, हिरा-बुद्दिनी अशा लहान जागा नंतर पुढे आल्याच. देश दरवर्षी शेकडो टन सोनं बाहेरून आणतो आणि आपल्या खाणींतून गेली काही वर्षं दोन टनही निघत नाही. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर सोन्यासारख्या खोलवरच्या खनिजांसाठी खासगी कंपन्यांनाही अन्वेषण परवाना मिळण्याची सोय झाली आहे, म्हणजे तुझ्यासारख्यांच्या हातून असे अहवाल आता भरपूर लिहिले जाणार. संभाव्यता खरोखर आहे. म्हणूनच ती नीट लिहिली गेली पाहिजे.

आपल्या पायाखालीही काय असेल ह्याचा विचार मी हल्ली करतो. पर्वतीचा, वेताळ टेकडीचा दगड जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा. कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी गोठण्याजवळ तीन किलोमीटर खोल विवर घेतलं, तेव्हा सव्वा किलोमीटर बेसाल्ट ओलांडल्यावर जुना ग्रॅनाइट-नाइस हा तळखडक लागला. किल्लारीला तर तो ३३८ मीटरवरच लागला. तुझा धारवाडी, म्हणजे ह्या पट्ट्यांचा जुना खडक उत्तरेकडे येता येता ह्या काळ्या दगडाखाली शिरतो आणि दिसेनासा होतो. असो, मूळ विषयाकडे येतो.

फेब्रुवारी २०२० मधली उत्तर प्रदेशातल्या सोनभद्रची बातमी तुला आठवत असेल, तू तेव्हा कॉलेजात होतीस. तीन हजार टनांहून जास्त सोनं सापडलं म्हणून सगळीकडे गाजावाजा झाला. बाजारात दिवसभर गिऱ्हाइकं येऊन आता भाव पडणार का विचारत होती. मग भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं खुलासा केला. ५२,८०६ टन खनिज, सरासरी ३.०३ ग्रॅम प्रतिटन. गुणाकार केला की येतात १६० किलो. सर्वेक्षणाचा आकडा असा नेमका होता, बातमीचा आकडा मात्र वाऱ्यावर आला होता. शेतं असलेली माणसं, भाव बघून मुलीचं लग्न ठरवणारी माणसं अशा आकड्यांवर निर्णय घेतात, सायली. तुझ्या प्रकरणातलं एक विशेषण तिथल्या लिंगसुगूरच्या बाजारात जमिनीचा भाव होऊन फिरेल.

दुसरं उदाहरण ग्रीनस्टोनचं नाही, पण आमच्या धंद्यातल्या प्रत्येकानं पाठ करावं असं आहे. बोर्निओतलं बुसांग. ब्रे-एक्स ह्या कॅनेडियन कंपनीनं तिथे जगातला एक सर्वांत मोठा सोन्याचा साठा असल्याचं जाहीर केलं आणि शेअर आकाशाला भिडला. १९९७ मध्ये दुसऱ्यांनी शेजारीच विवरं घेऊन पाहिली तर काहीच नाही. नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलं होतं. ते कण कडांना गोल झालेले होते, नदीच्या वाळूतल्या सोन्यासारखे. कातळातून नुकताच सुटलेला कण तसा नसतो. आणि कोअरचा, म्हणजे विवरातून निघालेल्या दगडाच्या दांड्याचा, अर्धा भाग राखून ठेवायची रीत तिथे पाळलीच नव्हती, सगळा दळायला पाठवला होता, त्यामुळे पुन्हा तपासायला हातात दगडच नव्हता. त्यानंतर कॅनडानं २००१ मध्ये नियम केला की असा अहवाल पात्र माणसाच्या जबाबदारीवर, त्याच्या सहीनंच निघेल. तुमच्या कंपनीत कुणी असं काही करतंय असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण पुढे तुमची विवरं सुरू झाली की कोअर कापल्यावर उरलेला अर्धा भाग पेटीत नीट, खोलीच्या खुणांसकट राहतोय ना, हे तू स्वतः बघत जा. पेटीवरचा नंबर आपल्या हातानं घाल.

आता प्रकरणाबद्दल. चराचे आकडे सगळे दे, ७८ सुद्धा, आणि त्याच्या शेजारचे दीड आणि ०.८ सुद्धा त्याच तक्त्यात. शेजारी लिही की हा जाड कणाचा परिणाम असू शकतो, फेरतपासणी चालू आहे. विवरं अजून घेतलेली नाहीत हे पहिल्याच पानावर येऊ दे. विवरं सुरू झाली की रीफ, म्हणजे सोन्याची शीर, तिरपी छेदली जाईल, तेव्हा कोअरमधली लांबी आणि रीफची खरी जाडी वेगळी लिहायची. दहा मीटर लांबी वाचून माणूस भुलतो आणि खरी जाडी चारच असते. शिअर झोनमध्ये दगड चुरा होऊन कोअर हरवतो, नेमका जिथे सोनं असायची शक्यता तिथेच. किती मीटरमागे किती कोअर हाती आला, तो रकाना रिकामा ठेवू नकोस. आणि 'प्रचंड' हा शब्द काढ. त्याच्या जागी पुढची सहा विवरं कुठे, कोणत्या कोनात आणि का घ्यावीत ते लिही. ज्याला खरंच खाण काढायची आहे त्याला तेच वाचायचं असतं.

ह्यावरून कुणी नाराज झालं तर होऊ दे. नोकरीचं काय होईल ह्याची काळजी तू करू नकोस, इथे घर आहे. तुझी आईही हेच म्हणते. तिनं मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी बांधून ठेवली आहे, तुमच्या कॅम्पवरचा मुलगा पुढच्या आठवड्यात येणार आहे त्याच्याबरोबर पाठवते. कोअर कापताना पाणी चालू ठेव आणि मास्क लावल्याशिवाय सॉजवळ उभी राहू नकोस. क्वार्ट्झची धूळ छातीत बसली की निघत नाही.

एक विचारायचं राहिलं. ७८ चा नमुना ज्या लॉटमध्ये गेला, त्यात तू कोरे नमुने, म्हणजे सोनं नसलेला दगड, घातले होतेस ना? त्यांचा निकाल कितीचा आला? त्याच्या लगेच पुढच्या कोऱ्यात सोनं दिसत असेल तर दळायचं यंत्र नीट साफ झालेलं नाही. प्रयोगशाळेच्या कागदाचा फोटो पाठव, फोनवर आकडे नीट कळत नाहीत.

तुझा,
बाबा