सोनोग्राफी फक्त पोटाचीच नसते

संपादक साहेब,
माझ्या ९ वर्षांच्या मुलाला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर होत जाणारा जनुकीय आजार. स्नायू बघायला एमआरआय करायचा तर न हलता पडून राहायचं म्हटलं की रडारड, मग भूल द्या, आणि या मुलांना भूल म्हणजे डॉक्टरांनाच टेन्शन. परवा एका डॉक्टरांनी नुसती मांडीची नि पोटरीची सोनोग्राफी केली, गार जेल लागलं तसा पठ्ठ्या खिदळायलाच लागला. निरोगी स्नायू स्क्रीनवर काळसर दिसतो नि खाली हाडाची रेघ ठळक, स्नायूच्या जागी चरबी नि तंतू भरत गेले की सगळं पांढुरकं होतं आणि हाडाची रेघ पुसट होत होत गायब. लंडनच्या हेकमॅट वगैरे डॉक्टरांनी १९८२ मध्येच याच्या ४ पायऱ्या ठरवल्यात! पोटऱ्या जाड म्हणून घरचे म्हणायचे पोरगं दणकट आहे, तिथे खरं काय ते दिसलं. निदानाला जीन टेस्ट लागते हे मान्य, पण आजार किती सरकलाय हे तरी बघता येतं ना. आमच्याकडच्या सेंटरवाल्याने विचारलं, मुलाची कशाला सोनोग्राफी? लिंगनिदान कायद्यामुळे पोर्टेबल मशीन सहज कुठेही नेता येत नाही ते समजतं, पण जिथे मशीन आहे तिथे तरी या मुलांचे स्नायू अधूनमधून, त्याच जागी, त्याच सेटिंगवर बघून द्या की.
- एक आई, सातारा